दारफळणीचा पाहुणा

बिरवाडी, ता. महाड
९ सप्टेंबर २०२४

ती. सॅमसनदादास,
रिबकाचा शि. सा. न. वि. वि.

साष्टांग आपण बेने इस्राएल लोक देवासमोरही घालत नाही, पण बाबांनी पाटीवर गिरवून घेतलेला मायना मोडायचं धाडस मला साठी उलटली तरी होत नाही. तेव्हा नमस्कारही घे आणि शालोमही घे.

वहिनी लिहिते, फोन करत जा. तिला म्हणावं, बहिरीला फोन आणि टकल्याला कंगवा सारखाच. शिवाय पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाच्या दारात आठवडाभर पत्र पडलं नाही तर त्याचं पोट बिघडतं, हे मला ठाऊक आहे. गणपतीसाठी मुंबईकर आले आहेत, आळी भरून गेली आहे. शेजारची रेश्मा मोदक द्यायला आली होती. मला ढोल ऐकू येत नाही, पण ताटं हादरतात तेव्हा कळतं.

आता कामाचं. खटल्याची तारीख होती. त्या भरतने गुन्हा कबूल केला. टँकर मागे घेताना आरशात बघितलं नाही, सलग दोन पाळ्या गाडी चालवत होतो, डोळा लागत होता, असं म्हणाला म्हणे. शिक्षा किती द्यायची ते नोव्हेंबरात ठरेल. सरकारी वकील म्हणाले, आईला काही सांगायचं असेल तर न्यायाधीश ऐकून घेतील. मी म्हटलं, आईला पुष्कळ सांगायचं आहे. माझा रूबेन पाळी संपवून कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला तो घरी आलाच नाही. त्याला चिरडणाऱ्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा असेल तेवढी झाली पाहिजे. लोक सांगतात, तो पळून गेला नाही, त्यानेच रूबेनला उचलून रिक्षात घातलं. घातलं असेल. मग काय ओवाळू त्याला?

दादा, एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. रूबेन येतो. पहिली पाळी सुटायच्या वेळी मागच्या दाराची कडी हलते. ऐकू येत नाही, पण हलताना दिसते. आणि पडवीत त्याच्या कपड्यांना यायचा तो औषधाच्या कारखान्याचा वास येतो. वारा नसतो, मांजर नसतं, मी बघितलं आहे. पण रोज येत नाही. ज्या दिवशी मी भरतला मनापासून शाप देते त्या दिवशी येतो. कामात विसरले तर येत नाही. म्हणून आता विसरत नाही. सकाळची प्रार्थना झाली की पहिलं काम तेच.

हे वाचून घाबरू नकोस आणि वहिनीला दाखवू नकोस. गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझी
रिबका


ठाणे
२० सप्टेंबर २०२४

चि. रिबका हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला दाखवलं नाही. तिने ते उशीखालून काढून वाचलं. रडली आणि मग मला म्हणाली, तिला इकडे घेऊन या. मी म्हटलं, बिरवाडीचा शेवटचा बेने इस्राएल हलवायचा तर क्रेन लागेल. पण बाई, खरंच येतेस का? इकडे सिनेगॉग आहे, आपली माणसं आहेत. तिकडे एवढ्या मोठ्या घरात तू आणि ती कडी.

मृतांना बोलावू नये असं आपल्या तोरा ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे, हे मी तुला सांगणार होतो. मग आठवलं, दारफळणीला घरातले गेलेले सगळे येतात हे आईनेच आपल्याला शिकवलं. आदल्या दिवशी येतात, दारं लावली की आपल्याबरोबर आत बसून उपास धरतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, जेवून निघतात. इथली पोरं त्या दिवसाला किप्पूर म्हणतात आणि हे ऐकून हसतात. मी हसत नाही. पण आईने असं कधी सांगितलं नव्हतं की ते शिवी दिली की येतात. रूबेन शिवी ऐकायला धावत येणारा मुलगा होता का? तो तर तुझा आवाज चढला की चपला घालून बाहेर पडायचा.

वर्षारंभी नव्याच्या सणाला देव निवाडा लिहितो आणि दहाव्या दिवशी, दारफळणीला, त्यावर शिक्का मारतो. शिक्का म्हणजे काय ते पोस्टातल्या माणसाला विचार. पडेपर्यंत सगळं बदलता येतं, पडला की संपलं. तेवढ्या दहा दिवसांत तू त्या पोराविषयी जरा विचार कर, एवढंच म्हणतो. सोड म्हणत नाही.

आणि त्या दिवशी दुपारी बाबांच्या पुस्तकातली योनाची गोष्ट वाच. देवाने त्याला निनवे शहरात पाठवलं, तुमचा नाश होणार म्हणून सांगायला. लोक गोणपाट नेसून रडले, देवाला दया आली आणि योना रुसून गावाबाहेर जाऊन बसला. का, तर शहर वाचलं म्हणून. तुझं आणि त्याचं छान जमेल.

इकडे सर्व ठीक. गुडघा बोलतो, पण मी ऐकत नाही, तुझ्यासारखाच. प्रकृतीला जप. उत्तर लवकर धाड.

तुझा
सॅमसनदादा


बिरवाडी
१३ ऑक्टोबर २०२४, शिळा सण

ती. दादास,
रिबकाचा नमस्कार.

घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर माफ कर. काल जे झालं ते आजच लिहायला हवं.

शुक्रवारी उन्हं उतरायच्या आत दारं लावली. पांढरं लुगडं नेसले, आई-बाबांची, यांची आणि रूबेनची नावं घेतली. काल दिवसभर पाण्याचा थेंब नाही. दुपारी पुढच्या दाराला पाठ टेकून बसले, कारण तिथे फटीतून उजेड येतो, आणि तू सांगितलंस म्हणून योना काढला. वाचता वाचता माझ्या पाठीला दार लागलं. म्हणजे दारावर कोणीतरी हाताने थापटत होतं. थांबायचं आणि पुन्हा थापटायचं.

गावात सगळ्यांना ठाऊक आहे की त्या दिवशी बिरवाडकरबाई दार उघडत नाहीत आणि कोणाशी बोलत नाहीत. कोणी येत नाही. शिवाय काल दसरा, आळी सोनं लुटायला देवळाकडे गेलेली. वेळ पाळी सुटायची. मला वाटलं नाही दादा, मला कळलं, की रूबेन आहे.

पण तो बाहेर का? घरातले सगळे आत आलेले असताना माझं पोर बाहेर का उभं? मागच्या दाराची कडी हलवायचा तो, आत यायचा नाही कधी. दोन वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी शाप देऊन देऊन त्याला उंबऱ्यापर्यंत आणत होते आणि तिथेच धरून ठेवत होते. हातात ते पुस्तक. एवढं मोठं शहर, उजवा हात कुठला आणि डावा कुठला हे न कळणारी माणसं, आणि गुरंढोरंसुद्धा, देवाला सगळ्यांची कीव. आणि मी एक टँकरवाला धरून बसलेले.

दार उघडायचं नव्हतं, म्हणून तशीच पाठमोरी बोलले. मला माझा आवाज ऐकू येत नाही, मी किती मोठ्याने बोलले देव जाणे. म्हटलं, रूबेन, बाळा, तू उभा राहू नकोस, तू जा. त्या भरतला मी सोडलं. मी त्याला माफ केलं. तीनदा म्हटलं, माफ केलं, माफ केलं, माफ केलं. लाकूड थरथरत होतं ते थांबलं. मग मी दादा, खूप रडले. तो गेला तेव्हा रडले नव्हते एवढी रडले.

चांदण्या दिसल्यावर मनुकांच्या सरबताने उपास सोडला. आज सकाळी दार उघडलं, गोरगरिबांना शिधा वाटला, सगळ्यांना निरोप दिला. उंबऱ्यावर आपट्याची पानं होती, नीट एकावर एक रचलेली. आळीतल्या कोणीतरी ठेवली असतील.

मी बरी आहे. फार थकले आहे, पण बरी आहे. वहिनीला सगळं वाचून दाखव, उशीखाली ठेवायचे कष्ट घेऊ नकोस.

तुझी
रिबका


पोलादपूर
१९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बिरवाडकर बाईंना,
सादर प्रणाम.

मी सारिका. भरतची धाकटी बहीण. पोलादपूरला शाळेत शिकवते. आमचं घर वरच्या वाडीवर आहे. हे पत्र तुम्ही फाडून टाकलंत तरी माझी तक्रार नाही, पण आधी एकदा वाचावं ही विनंती.

दसऱ्याला तुमच्या दाराशी माझी आई आली होती. तिचं नाव तुळसा. आम्हा कोणाला न सांगता सकाळच्या एसटीने महाडला उतरली आणि विचारत विचारत बिरवाडीला आली. आमच्याकडे दसऱ्याला सोनं द्यायला वैऱ्याच्या घरीसुद्धा जातात, त्या दिवशी दारातून कोणाला परत पाठवत नाहीत, म्हणून तिने तो दिवस धरला. तुमचा त्या दिवशी उपास असतो, दार बंद असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ऐकू येत नाही हेही नव्हतं. तिने पुष्कळ हाका मारल्या.

घरी आल्यावर ती म्हणाली की दार काय उघडलं नाय, पन आतून मावलीनं तीन येळा सांगितलान की तुझ्या भरतला मी माफ केलं, आता गो तू काय बी बोलू नको, देवमानूस हाय ती. तिने सबंध वाडीला सांगितलं. भरतने त्या दिवशी दोन वर्षांनी पोटभर भाकरी खाल्ली आणि जेवता जेवताच भिंतीला टेकून झोपला.

पण मी आईला पुन्हा पुन्हा विचारलं की त्या नेमकं काय बोलल्या. तेव्हा ती म्हणाली की त्या बाळा म्हणत होत्या, रूबेनचं नाव घेत होत्या. बाई, मला कळलं. ते शब्द तुमच्या मुलासाठी होते. आम्ही दाराबाहेर उभे राहून दुसऱ्याचं ऐकलं.

म्हणून विचारते. ते शब्द आम्ही आमचे धरावेत का? तुम्ही नाही म्हणालात तर आईला आणि दादाला मी सांगेन. कोर्टात कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

आपल्या मुलाला आमच्यामुळे मुकावं लागलं, त्याबद्दल क्षमा मागायला मला शब्द सापडत नाहीत.

आपली नम्र
सारिका


बिरवाडी
२४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
रि. न.

सोबत त्या मुलीचं पत्र जोडलं आहे. वाच आणि मग पुढे वाच.

वाचलंस? आता सांग, याला काय म्हणायचं? माझ्या पोराला बंद दाराआड जे दिलं ते दुसऱ्याच्या आईने पदरात घालून नेलं आणि गावभर वाटलं. मी काय तिला दिलं होतं? तिचं नाव तरी मला माहीत होतं का? मी मुलाशी बोलत होते. आणि देवाला एवढ्या मोठ्या जगात त्या बाईला माझ्या दाराशी आणून उभी करायला तोच दिवस आणि तीच वेळ सापडली! योना रुसला तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही. मीही चांगली गावाबाहेर जाऊन बसेन.

पण खरा राग तिच्यावर नाही. खरं हे की तो रूबेन नव्हता. मी दाराला पाठ लावून ज्याला जा म्हटलं, तो तिथे नव्हताच. एका परक्या बाईचा हात त्याचा समजून मी माझ्या मुलाचा निरोप घेतला.

आणि दादा, त्या दिवसापासून कडी हललेली नाही. पत्र आलं त्या दिवशी मी पडवीत उभी राहून भरतला पहिल्यासारखा शाप द्यायला गेले. शब्द तोंडात आले, पण त्यांत जोर नव्हता, पाठ केलेला धडा म्हणावा तसे आले. कडीकडे बघत पाळी सुटून रस्ता मोकळा होईपर्यंत उभी राहिले. काही नाही. मी जर कोर्टात जाऊन सांगितलं की मी माफ केलेलं नाही, त्याला पुरती शिक्षा द्या, तर तो परत येईल का? एवढंच मला कळायला हवं. तो येणार असेल तर मी त्या पोराला फासावर पाठवायलाही मागेपुढे बघणार नाही. मी वाईट बाई झाले आहे, मला माहीत आहे.

तू मोठा आहेस. ते शब्द कोणाचे ते सांग.

रिबका


ठाणे
४ नोव्हेंबर २०२४

चि. रिबका हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा उत्तर लिहायला बसून उठलो. पोस्टात असताना चुकीच्या पत्त्यावर गेलेली पत्रं परत आणणं हे माझं काम होतं. त्यातून एवढं शिकलो की माणसाने पत्र उघडून वाचलं की ते परत आणता येत नाही, पाकिटावर नाव कोणाचंही असो. पण हे पत्र नाही, हे मलाही कळतं.

आपले जुने लोक सांगत की दारफळणीला देव माफ करतो ते त्याचं आणि आपलं असतं तेवढंच. माणसाने माणसाचं केलेलं नुकसान तो माफ करत नाही. ते ज्याचं नुकसान झालं त्याच्या हाती ठेवतो. म्हणजे या बाबतीत देवसुद्धा तुझ्या दाराबाहेरच उभा आहे. मग मी, गुडघे दुखणारा म्हातारा, आत येऊन तुला काय सांगू?

योनाची गोष्ट देवाच्या प्रश्नावर संपते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मला कीव येऊ नये का, असं देव विचारतो. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. लहानपणी मला वाटायचं, बाबांच्या पुस्तकाचं पान फाटलं आहे. आता वाटतं, ते ज्याने त्याने द्यायचं असावं.

रूबेन परत येईल का, मला माहीत नाही. तो येत होता यावरही मी तुझ्याशी भांडणार नाही. पण दोन वर्षं रोज सकाळी उठून एका पोराचं मरण मागायचं आणि त्याच्या मोबदल्यात आपल्या पोराची सावली घ्यायची, हा व्यवहार तुला कोणी लावून दिला? देवाने लावला नसेल. याहून जास्त लिहिवत नाही. मला तुझी भीती वाटते गं.

तारखेला मी येतो. टॅक्सी करून येतो. नाही म्हणू नकोस.

तुझा
सॅमसनदादा


बिरवाडी
२९ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
रिबकाचा शि. सा. न. वि. वि.

तुला येऊ नकोस अशी तार-बिर केली असती, पण तारा बंद पडल्या. शेवटी रेश्माच्या फोनवरून वहिनीला निरोप दिला, तो तिने पोचवला याबद्दल तिचे आभार मान. तू शेजारी असतास तर मी तुझ्याकडे बघून बोलले असते. मला कोणाकडे बघायचं नव्हतं.

महाडच्या कोर्टात मी जाताना ठरवून गेले होते, की नाही म्हणायचं. रिक्षात सबंध रस्ता तेच घोकत होते. कारखान्याच्या फाटकावरून गेलो तेव्हा डोळेही मिटले नाहीत. आत भरत उभा होता. दादा, त्याला मी पहिल्यांदा नीट पाहिलं. इतके दिवस मी ज्याला शाप देत होते तो दांडगा, मिशीवाला, दारू प्यायलेला कोणी होता. हा रूबेनच्याच वयाचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. त्याची आई बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. तिनेही मला तोवर पाहिलं नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता. माझ्या कानांचं सांगून ठेवलेलं होतं, म्हणून वकिलांनी न्यायाधीशांचा प्रश्न कागदावर लिहून माझ्यापुढे धरला. तुम्ही आरोपीला माफ केलं आहे असं सांगतात, ते खरं आहे का?

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, साहेब, ते शब्द मी बोलले. बंद दाराआडून माझ्या मेलेल्या मुलाशी बोलले. मुलगा तिथे नव्हता, ही बाई होती. मग मी ते कोणाशी बोलले हे मला आजवर कळलेलं नाही. पण आमच्यात त्या दिवशी तोंडातून निघतं ते नुसतं हवेत जात नाही, आणि मी ते तीनदा बोलले आहे. मी ते परत घेणार नाही. कायद्याची जी शिक्षा असेल ती त्याला द्या. माझ्या वाटची देऊ नका.

त्याला शिक्षा झाली, पण बेताची. आधी आईशेजारच्या पोरीकडे, ती सारिका असणार, आणि मग न्यायाधीशांकडे बघून त्याने हात जोडले, माझ्याकडे बघायचं त्याला धैर्य झालं नाही. बाहेर आल्यावर तुळसाने माझे पाय धरले. मी ओढून घेतले. तिला उठवलं, पण जवळ घ्यायला हात पुढे झाले नाहीत, आणि खोटं करायचं नव्हतं. ती काहीतरी बोलत होती. मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलं नाही.

लोक म्हणतात, माफ केलं की हलकं वाटतं. ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांची मुलं जिवंत असतील. मला हलकं नाही वाटलं. घरी आले, कुलूप काढलं आणि आत पाऊल टाकताच कळलं की घर रिकामं आहे. दोन वर्षांत प्रथमच पुरतं रिकामं. पडवीत धुण्याच्या साबणाचा वास होता. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर आला असता, असं अजून वाटतं, म्हणूनच मारली नाही.

दादा, ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये गेलेल्यांच्या नावाची हश्काबा होते. दोन वर्षं तू दर सणाला विचारायचास, रूबेनचं नाव घालू का. मी म्हणायचे, माझा मुलगा पाळीवर गेला आहे, त्याच्यासाठी असली प्रार्थना कशाला. पुढच्या शनिवारी त्याचं नाव घाल. रूबेन, रिबकाचा मुलगा, असं मोठ्याने म्हणायला सांग. तो गेला, दादा.

वहिनीला नमस्कार. तुम्हा दोघांची माया आहे म्हणून तग धरून आहे, ती कमी पडू देऊ नका.

तुझी
रिबका